पांढऱ्या पडद्यापुढे पांढरी टोपी: एका पोर्ट्रेटचं प्रकरण

कराडच्या एका कुटुंबाला घरातल्या आबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी फोटो हवा होता. निमंत्रणपत्रिकेवर आणि सोबत निघणाऱ्या छोट्या गौरव-पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तोच एक फोटो जाणार होता. आबा कमरेपासून वर दिसावेत आणि मागे नुसतं पांढरं असावं, एवढीच अपेक्षा. डिझाइन करणाऱ्या मुलीने बजावून सांगितलं होतं की फोटोची चौकट कुठेही कळता कामा नये. आबा थेट कागदावरच आहेत असं वाटलं पाहिजे.

ऐकायला सोपं काम. पण आबांचा पोशाख म्हणजे पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि खळ देऊन कडक केलेली पांढरी टोपी. मिश्या पांढऱ्या, भुवया पांढऱ्या. चेहरा मात्र आयुष्यभर उसाच्या रानात रापलेला. म्हणजे एकाच चौकटीत पांढऱ्यावर पांढरं आणि त्याच्या मधोमध गडद तपकिरी.

ज्या तरुण फोटोग्राफरकडे हे काम गेलं, त्याचा पहिल्या मजल्यावर छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्ट, लग्नाआधीचे फोटो, बाळांचे वाढदिवस हे त्याचं रोजचं काम आणि त्यात त्याचा हात चांगला बसलेला. त्याने आबांचे फोटो तीन प्रकारे करून दाखवले आणि तिन्ही परत आले. पहिल्यात मागचं पांढरं राखाडी झालं होतं आणि उजव्या खांद्यामागे सावली पडली होती. दुसऱ्यात मागचं पांढरंशुभ्र होतं, पण आबांनी तो फोटो हातात घेऊन विचारलं, "माझी टोपी कुठं गेली रं?" तिसऱ्यात त्याने संगणकावर कटिंग करून आबांना पांढऱ्यावर चिकटवलं. त्यात टोपीच्या कडेला खाचा पडल्या आणि मिशीचं एक टोक गायब झालं. मग त्याचा मला फोन आला, "दादा, एकदा येऊन बघता का?"

खोली अशी. रुंदी अकरा फूट, लांबी बावीस, छत नऊ फुटांवर. भिंतींना पिस्ता रंग. मागे पांढरं कोरं फ्लेक्स ताणून लावलेलं, जे आजकाल बहुतेक छोट्या स्टुडिओंमध्ये असतं, कारण ते पुसता येतं आणि बॅनरवाल्याकडून लगेच मिळतं. दिवे पुरेसे होते: ४०० वॅट-सेकंदाचे तीन फ्लॅश, एक १२० सेंटिमीटरचा ऑक्टा (उजेड मऊ करणारी अष्टकोनी कापडी पेटी), एक सॉफ्टबॉक्स (तशीच चौकोनी पेटी), दोन छत्र्या, सात इंची साधे रिफ्लेक्टर (दिव्याभोवती बसणाऱ्या वाट्या). कॅमेरा फुल-फ्रेम, लेन्स ५० आणि ८५ मिमी. उजेड मोजणारा लाईट मीटर तेवढा नव्हता, तो मी नेला.

जुनी मांडणी आधी जशीच्या तशी उभी करायला लावली, आबांच्या जागी त्याच्या मदतनीसाला बसवलं आणि मीटर फिरवला. खुर्ची फ्लेक्सपासून अडीच फुटांवर होती. सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून चार फुटांवर, म्हणजे फ्लेक्सपासून साडेसहा. आयएसओ १००, शटर १/१२५. चेहऱ्यापाशी मीटर एफ ८ म्हणाला, फ्लेक्सपाशी एफ ५ च्या आसपास (मीटरवर एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड जास्त). पहिल्या फोटोतलं राखाडी इथेच सापडलं. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. चारावरून साडेसहा फुटांवर जाईपर्यंत तो जवळपास ३८ टक्क्यांवर येतो, म्हणजे दीड स्टॉपला थोडासा कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होणं). पांढरी वस्तू दीड स्टॉप कमी उजेडात असेल तर कॅमेरा तिला फिकट राखाडीच दाखवणार. फ्लेक्स पांढरं असण्याचा इथे काही उपयोग नाही. त्यावर किती उजेड पडतो आणि चेहऱ्यावर किती, या दोघांच्या प्रमाणातून फोटोतला रंग ठरतो. तेच पांढरं फ्लेक्स दिव्यापासून पुरेसं लांब नेलं तर फोटोत गडद राखाडी येईल, आणखी लांब नेलं तर काळ्याकडे झुकेल.

पासपोर्टच्या कामात हा प्रश्न कधी येतच नाही. तिथे दोन्ही बाजूंनी दोन छत्र्या, गिऱ्हाईक पडद्याला जवळजवळ टेकलेलं आणि छत्र्या त्या मानाने लांब. त्यामुळे चेहऱ्याला आणि पडद्याला जवळपास सारखाच उजेड मिळतो. ३५ बाय ४५ मिमीच्या फोटोत किंवा अमेरिकेच्या व्हिसाच्या ५१ बाय ५१ मिमीच्या फोटोत तेवढं चालून जातं. चेहऱ्याला घडण हवी म्हणून दिवा एका बाजूला आणि जवळ आणला, की ही सोय संपते.

दुसऱ्या फोटोचं निदान जास्त बोलकं होतं. पडदा पांढरा करायला त्याने फ्लेक्सवर दोन दिवे सोडले आणि "जरा जास्तच असू दे, उडालं तर चांगलंच" या हिशेबाने चढवले. फ्लेक्सपाशी वाचन एफ १६, म्हणजे चेहऱ्यापेक्षा पूर्ण दोन स्टॉप जास्त. मग मीटर मदतनीसाच्या डोक्यामागे धरला, तोंड फ्लेक्सकडे करून. वाचन आलं एफ १३. चेहऱ्यावर समोरून एफ ८ आणि डोक्याच्या मागे एफ १३! नऊ फूट रुंद, भगभगीत पांढरा पडदा अडीच फुटांवर असला की तो मागून लावलेला अवाढव्य सॉफ्टबॉक्सच होतो. त्याचा उजेड कानांवरून, गालांवरून, टोपीच्या दोन्ही कडांवरून पुढे वळतो आणि कडा खाऊन टाकतो. शिवाय एवढं पांढरं लेन्समध्ये शिरलं की काचांमध्ये उजेड इकडेतिकडे उसळतो आणि काळ्या जागाही धुरकट होतात. आबांच्या चष्म्याची काळी फ्रेम त्या फोटोत राखाडी दिसत होती, ती त्यामुळेच. अशा फोटोचं कटिंग कोणीही करायला बसलं तरी जमणार नाही. टोपीची कड फोटोतच उतरलेली नाही. सॉफ्टवेअर ती आणणार कुठून? मोबाइलवरची पार्श्वभूमी काढणारी ॲपही तिथे अंदाजच बांधतात, आणि पांढऱ्या केसांच्या बाबतीत तो अंदाज हमखास चुकतो.

किती पांढरं हवं?

नवीन मांडणीला हात लावण्याआधी छापखान्याची गरज समजून घेणं भाग होतं, कारण "पांढरं" ही मागणी तिथून आली होती. नेहमीच्या ऑफसेट छपाईत पांढरी शाई नसते. फोटोत प्रत्येक ठिकाणी लाल, हिरवा आणि निळा या रंगांना ० (काळं) ते २५५ (पूर्ण उजळ) अशी किंमत असते. जिथे तिन्ही रंगांची किंमत २५५ आहे तिथे शाईचा एकही ठिपका पडत नाही आणि नुसता कागद दिसतो. तीच किंमत २४५ वर आली की तीन-चार टक्के ठिपके पडतात. नजरेला संगणकावर ते पांढरंच वाटतं, पण छापल्यावर कोऱ्या कागदाला लागून फिकट चौकोन उमटतो. डिझाइनवालीला भीती होती ती याची. पत्रिकेचा कागद हस्तिदंती असेल तर हा चौकोन आणखीच उठून दिसतो.

उलट टोपी आणि सदरा जर २५५ ला गेले तर तिथेही शाई पडणार नाही आणि आबांच्या डोक्याचा आकार कागदात विरघळून जाईल. फार बारीक ठिपके छपाईच्या प्लेटवर किंवा शाई कागदावर उतरवणाऱ्या रबरी ब्लँकेटवर टिकतीलच असं नाही, म्हणून टोपीच्या उजळ भागालाही पाच-सहा टक्के ठिपके मिळायला हवेत. याचा अर्थ टोपीची समोरची बाजू २४० च्या आसपास, तिची कड त्याहून बरीच खाली आणि पडदा मात्र सलग २५५. सगळं काम या पंधरा-वीस आकड्यांच्या फटीत बसवायचं होतं.

आता पडद्यावर किती उजेड टाकला की तो २५५ ला पोचतो? याचं उत्तर गणिताने जवळपास मिळतं. मीटर ज्या मध्यम राखाडीला धरून चालतो ती साधारण १८ टक्के उजेड परत फेकते. चांगला पांढरा कागद ९० टक्क्यांच्या आसपास. हा फरक सव्वादोन स्टॉपपेक्षा किंचित जास्त. म्हणजे चेहऱ्याइतकाच उजेड कागदावर पडला तर कागद आधीच मध्यम राखाडीच्या सव्वादोन स्टॉप वर असतो. तिथून पूर्ण पांढरं व्हायला अर्ध्या ते पाऊण स्टॉपची भर पुरते. आमच्या वाचनात चेहरा एफ ८ तर पडदा एफ १०. बस्स. एफ १६ ची काही गरज नव्हती. ते वरचे सव्वा-दीड स्टॉप पडद्याला आणखी पांढरं करत नाहीत, कारण २५५ च्या पुढे आकडाच नाही. ते फक्त माणसावर परत येतात.

मोकळ्या सावलीत, म्हणजे घराच्या उत्तरेकडच्या ओसरीवर पांढरा कागद टांगून फोटो काढण्याचा विचारही झाला होता. रिचर्ड ॲव्हेडनने १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात हिंडून माणसांचे फोटो काढले ते असेच: इमारतीच्या सावलीच्या बाजूला पांढरा कागद, ८ बाय १० इंची मोठा कॅमेरा आणि एकही फ्लॅश नाही. सावलीत माणसाला आणि कागदाला सारखाच उजेड मिळतो, वेगळं काही करावं लागत नाही. गडद कपड्यांना ही युक्ती झकास चालते. आबांच्या बाबतीत मात्र सारखा उजेड हीच अडचण होती, कारण सारख्या उजेडात पांढरी टोपी आणि पांढरा कागद एकाच छटेवर येऊन बसतात. इथे दोघांचा उजेड वेगवेगळा हाताळता आला पाहिजे, म्हणून स्टुडिओच बरा.

अंतर आणि लेन्स

फ्लेक्स उतरवून मॅट कागदाचा २.७२ मीटर रुंदीचा रोल लावला. फ्लेक्सला चकाकी असते. दिवा जरा समोरून आला की त्यावर पांढरा डाग पडतो आणि बाकीचं मागे राहतं, त्यामुळे सगळीकडे सारखं वाचन मिळवणं त्रासाचं होतं. ज्याला फ्लेक्सच वापरायचं आहे त्याने दिवे अगदी बाजूने, तिरके टाकावेत. मग चकाकीची उसळी कॅमेऱ्याकडे न येता समोरच्या भिंतीकडे जाते.

कागद भिंतीपासून दीड फूट सोडून टांगला आणि आबांची खुर्ची कागदाच्या पुढे आठ फुटांवर आणली. तरुणाचा चेहरा पडला. "दादा, मग कॅमेरा कुठं लावायचा?" खोली बावीस फुटांची आहे. दीड आणि आठ मिळून साडेनऊ. आबांपासून कॅमेरा आठ फुटांवर, साडेसतरा. फोटोग्राफरला मागे साडेचार फूट उरतात. बसतं आरामात. त्याची सवय ५० मिमीवर काढायची होती, पण इथे ८५ मिमी लावण्यामागे वेगळाच फायदा आहे, ज्याकडे फार कमी लोक बघतात.

८५ मिमीने आठ फुटांवर, कॅमेरा उभा धरून, सव्वादोन फूट रुंदी चौकटीत येते, म्हणजे आबा कमरेपासून वर नीट बसतात. कागद कॅमेऱ्यापासून सोळा फुटांवर. तिथे ही लेन्स जेमतेम साडेचार फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच एवढाच तुकडा बघते. नऊ फूट रुंदीचा कागद पांढरा करायची गरजच नाही, अर्धाच करायचा! हाच फोटो ५० मिमीने काढायचा तर कॅमेरा पाच फुटांच्या आत आणावा लागतो, त्याने नाक मोठं दिसतं, आणि मागचा तुकडाही रुंद होऊन जवळजवळ सहा फुटांवर जातो. लांब लेन्स घेतली की मागचं काम कमी होतं. उरलेला कागद दोन्ही बाजूंनी काळं कापड सोडून झाकून टाकला. लेन्सला जे दिसत नाही ते पांढरं ठेवण्यात काहीच मिळकत नाही. तिथून नुसता फालतू उजेड खोलीत फिरतो.

पडद्याचे दिवे

दोन दिवे, सात इंची रिफ्लेक्टर लावून, दोन्ही बाजूंच्या भिंतींजवळ, कागदापासून चारेक फूट पुढे. डाव्या दिव्याचं तोंड कागदाच्या उजव्या भागाकडे, उजव्याचं डाव्या भागाकडे. दिवा जवळच्या भागावर रोखला तर तिथे तेजाचा गोळा होतो आणि मध्यभाग मागे पडतो. तिरका रोखला की जवळच्या भागाला कडेचा कमजोर उजेड आणि लांबच्या भागाला मधला जोरदार उजेड मिळतो, हिशेब आपोआप समान होतो. दोन्ही दिवे जवळजवळ सर्वांत खालच्या पॉवरवर होते, हे मुद्दाम सांगतो. चारशेच्या दिव्याला या कामात घाम फुटत नाही. दोनशेचे स्वस्त दिवेही पुरले असते.

दोन्ही दिव्यांपुढे, आबांच्या बाजूला, काळ्या सनबोर्डचा एकेक तुकडा आडवा धरला. पूर्वी या कामाला थर्माकोलच्या शीट असायच्या, एक बाजू पांढरी आणि एक काळी रंगवलेली, आता सनबोर्ड. याने दिव्याचा थेट उजेड गालावर येत नाही. वरून बार्नडोअरची (दिव्याला लावायच्या झापांची) एक पाकळी खाली पाडली, नाहीतर नऊ फुटांचं पांढरं छत उजेड पकडून टोपीच्या माथ्यावर टाकतं.

मग मीटर कागदाला लावून वाचनं घेतली. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी डावीकडे, मध्ये, उजवीकडे. मध्ये एफ १०, वरच्या एका कोपऱ्यात एफ ९. एक तृतीयांश स्टॉपचा फरक चालतो. तो कोपरा फोटोत २५१ आला आणि नंतर संगणकावर फक्त तेवढाच भाग निवडून (मास्क करून) उजळ केला. संपूर्ण फोटोवर लेव्हल्स (उजळपणाची पट्टी) ओढायची नाहीत, कारण त्याच ओढीत टोपीही वर जाते.

यानंतरची तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिला मीटर लागत नाही. समोरचा दिवा बंद करायचा, फक्त पडद्याचे दिवे चालू ठेवायचे आणि एक फोटो काढायचा. माणूस कोळशासारखा काळा यायला हवा, कडा सुरीने कापल्यासारख्या. गालावर, कानावर, चष्म्याच्या काडीवर कुठेही उजेडाची रेघ दिसली तर समजायचं की मागचा उजेड पुढे गळतोय. जुन्या मांडणीत हीच तपासणी केली तेव्हा मदतनीसाचे दोन्ही कान लालसर पेटलेले दिसत होते. नव्या मांडणीत डोक्यामागचं वाचन एफ ३.५ आणि एफ ४ च्या मध्ये आलं. आधी चेहऱ्यापेक्षा जवळजवळ दीड स्टॉप जास्त होतं, आता सव्वादोन स्टॉप कमी. यातला मोठा वाटा अंतराचा, थोडा कागद झाकण्याचा आणि उरलेला पॉवर उतरवण्याचा.

कड

इथवर जे केलं ते कोणत्याही पांढऱ्या पडद्याच्या पोर्ट्रेटला लागू आहे. गडद शर्टातला माणूस असता तर इथेच काम झालं होतं. टोपीसाठी आणखी एक गोष्ट लागत होती आणि ती म्हणजे अंधार.

पांढऱ्यावर पांढरी वस्तू दिसते ती तिच्या कडेच्या राखाडी रेघेमुळे. काचेच्या ग्लासाचे फोटो काढणारे हे जाणतात: उजळ पडद्यापुढे ग्लास ठेवतात आणि दोन्ही बाजूंना चौकटीच्या अगदी बाहेर काळे पुठ्ठे उभे करतात. काळं काचेच्या कडेत उतरतं आणि आकार रेखला जातो. कापडाला काचेसारखं प्रतिबिंब नसलं तरी तत्त्व तेच. टोपीची, बाहीची, खांद्याची जी बाजू बाजूला वळलेली आहे तिला उजेड बाजूनेच मिळतो. बाजूला पिस्ता रंगाची भिंत असेल तर ती उजळते आणि वर हिरवट झाक घेते. बाजूला काळं असेल तर ती मंदावते.

सहा बाय तीनचे दोन काळे सनबोर्ड आबांच्या दोन्ही हातांशी उभे केले, दीडेक फुटांवर, चौकटीच्या जरा बाहेर. डावीकडचा खांद्याच्या रेषेच्या किंचित मागे, कारण समोरचा ऑक्टा डावीकडूनच येणार होता आणि त्याची वाट अडवायची नव्हती. आबा म्हणाले, "ह्यो काय गाडीचा पडदा म्हणायचा?" पण बसले निवांत.

दुसरी युक्ती बसण्याची. गांधी टोपी अगदी समोरून पाहिली तर अरुंद दिसते आणि तिच्या दोन्ही बाजू सारख्याच उजळतात. आबांचे खांदे थोडे उजवीकडे वळवले आणि चेहरा कॅमेऱ्याकडे आणला. मग टोपीची एक बाजू दिव्याकडे आणि दुसरी सावलीकडे गेली, मधली घडी स्पष्ट उठली. खळीच्या कडकपणाचा इथे फायदाच झाला. मऊ टोपीला अशी धार येत नाही.

ऑक्टा आबांच्या डावीकडे पुढे आणि वर, चार फुटांवर. तिथून कागद बारा फूट लांब, म्हणजे तिप्पट अंतर, नवव्या हिश्श्याचा उजेड, तीन स्टॉपहून जास्त फरक. समोरचा दिवा वाढवा-कमी करा, पडद्याला त्याची दखलही नाही. जुन्या मांडणीत एक दिवा हलवला की सगळंच हलायचं. आता दोन्ही स्वतंत्र झाले होते. ऑक्टा वर असल्याने टोपी चेहऱ्यापेक्षा त्याच्या जवळ येते आणि आधी जळते, म्हणून त्याचं तोंड आबांच्या किंचित पुढे फिरवलं, त्याच्या कडेच्या मऊ उजेडात आबा बसतील असं. मांडीजवळ पांढऱ्या सनबोर्डचा छोटा तुकडा ठेवला. डोळ्यांच्या खोबणी आणि मिशीखालची सावली तेवढ्याने मोकळी झाली. चष्म्यात ऑक्टा दिसत होता. काड्या कानांवर जरा वर उचलल्या, काचा खाली झुकल्या, प्रतिबिंब गेलं.

कॅमेऱ्याचा हायलाइटचा इशारा, म्हणजे पूर्ण पांढरा झालेला भाग लुकलुकवून दाखवणारी सोय, चालू ठेवला होता. लुकलुकायला हवा तो कागद, सलग. टोपी आणि सदरा लुकलुकता कामा नये. मीटर नसलेल्या स्टुडिओत हाच मीटर समजावा.

संगणकावर आकडे असे आले: कागद २५४ ते २५५, टोपीची समोरची बाजू २३८ ते २४२, दिव्याकडची कड २३० च्या थोडी खाली, सावलीकडची कड २०० च्या आसपास. मिशीचं प्रत्येक टोक मोजता येत होतं. कटिंगची गरजच उरली नाही.

एक खोडी मात्र राहिली होती. टोपी कागदापेक्षा निळसर दिसत होती. धुण्याच्या पावडरीत जे चकाकी आणणारे घटक असतात ते अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतात; फ्लॅशच्या नळीवर अतिनील अडवणारा लेप नसेल तर हा परिणाम डोळ्यांपेक्षा कॅमेऱ्यात जास्त दिसतो. त्यात आबांच्या घरी अजून कपड्यांना नीळ घालतात, ती वेगळीच. ग्रे कार्डवर (मोजून केलेल्या राखाडी पुठ्ठ्यावर) व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, केला, तरी टोपीतली निळी छटा उरलीच. ती फक्त टोपी-सदऱ्यावर थोडी उतरवली, सगळी काढली नाही. निळीच्या कपड्याचा रंग तसाच असतो आणि घरच्यांना तो ओळखीचा असतो.

चेहऱ्याबाबत वाद झाला. थोरल्या मुलाने स्क्रीनकडे बघून म्हटलं, "चेहरा जरा उजळ करा की." अशा वेळी फोटोग्राफर सहसा मान डोलावतो आणि करून टाकतो, आणि मला ती सवय पटत नाही. पांढऱ्या पडद्यापुढे कोणताही चेहरा आहे त्याहून गडद भासतो, डोळ्यांचा तो स्वभावच आहे. तोच फोटो मी राखाडी पानावर ठेवून दाखवला, तेव्हा चेहरा आपोआप "उजळला". मीटरने एफ ८ सांगितलं होतं आणि फोटो एफ ८ वरच काढला होता. आबांचा रंग आबांचाच होता. वर उचलला असता तर त्याच ओढीत टोपी पुन्हा गेली असती. मुलगा कुरकुरला, आबांना मात्र काही फरक पडला नाही. त्यांना टोपी दिसत होती.

छापखान्यातून आलेल्या नमुना प्रतीत चौकोन उमटला नाही. सावलीकडच्या बाहीला छापताना जरा जास्त राखाडी चढली, कारण गुळगुळीत आर्ट पेपरऐवजी जाड, शाई पिणारा कागद निवडला होता आणि अशा कागदावर ठिपके फुगतात. बाहीचा तेवढा भाग पाच-सात आकड्यांनी वर घेऊन फाइल पुन्हा पाठवली.

नंतर आजीही फोटोला बसल्या, आबांच्या शेजारी. हिरवं गडद लुगडं, त्यामुळे त्यांच्या बाजूला पांढऱ्यावर पांढऱ्याचा प्रश्न नव्हता. पण दोघं म्हटल्यावर कॅमेरा मागे गेला आणि कागदाचा सहा फुटांहून रुंद तुकडा लागू लागला. काळी कापडं बाजूला सारावी लागली, काळे सनबोर्ड लांब गेले. डोक्यामागचं वाचन एफ ४ च्या थोडं पुढे सरकलं. आबांच्या बाजूचा बोर्ड चौकटीच्या कडेपर्यंत आत घेतला, आजींच्या बाजूचा काढूनच टाकला, कारण काळ्या बोर्डने त्यांच्या लुगड्याची कड उगाच काळवंडत होती. आबांना दिव्यापासून लांबच्या बाजूला बसवलं आणि आजींना जवळच्या. पांढऱ्या कपड्याला कमी उजेड, गडद कपड्याला जास्त. पूर्ण उंचीचा फोटो हवा असेल तर जमिनीवरचा कागद वेगळा उजळावा लागतो आणि या बावीस फुटांत ते बसत नाही, एवढं त्या तरुणाला सांगितलं. त्याने पुढच्या आठवड्यात एक जुना लाईट मीटर विकत घेतला.